बाबांनी डायरेक्ट केलेला स्टार्टर

(या भागात जे बोलले ते इथे लिहून देतेय. अडखळले, खोकले, मध्येच पाणी प्यायले, तेवढं काढलंय. बाकी तसंच आहे.)



सध्या कॅप राउंड चालू आहेत. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा तरी मला एकच फोन येतो. कधी मामेभाऊ, कधी मैत्रिणीचा धाकटा भाऊ, कधी आईच्या भिशीतल्या कुणाची तरी लेक. "ताई, कॉम्प्युटरला नंबर नाही लागून राह्यला. इलेक्ट्रिकल भेटते. घेऊ काय?"

या "भेटते"मध्येच सगळं आलं. एसटीत खिडकी नाही भेटली म्हणून मागची सीट भेटली, तसं. मी रागावत नाही, कारण २०१० मध्ये मीही तशीच गेले होते. मला उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून आज हा भाग. यात पगाराचे आकडे नाहीत, ते तुम्हाला कुठेही मिळतील. यात एक स्टार्टर आहे.

मी आर्णीची. यवतमाळहून चाळीसेक किलोमीटर, अरुणावती नदीकाठचं तालुक्याचं गाव. बाहेरच्यांना २०१४ च्या चाय पे चर्चामुळे आमच्या तालुक्यातलं दाभडी आठवतं, जिल्ह्यातल्यांना बाबा कंबलपोषांचा दर्गा. आमचं वावर गावापासून तीन किलोमीटरवर. विहीर आहे, तिच्यावर ५ एचपीची मोटर. खरिपात पऱ्हाटी आणि तूर, मग पाणी असेल तसा हरभरा, गहू. पाणी असायचं हो. लाईन नसायची.

आता जे विशीत आहेत त्यांना लोडशेडिंग हा शब्द आईवडिलांच्या तोंडूनच माहीत असेल. माझी दहावी-बारावी त्यातच गेली. शेतीची लाईन आठवडा पाळीनं यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा जेवून, कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन ओलिताला जायचे. वावरात रोही आणि रानडुकरं. साप तर असायचेच. आई दाराशी झोपायची, म्हणजे झोपायची नाही.

आणि मोटर जळायची. दर वर्षी. एकदा एका हंगामात दोनदा.

मोटर जळाली की ती विहिरीतून काढायची, बंडीवर घालायची आणि गावात चाचांकडे न्यायची. चाचांचं रिवाइंडिंगचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. आत जळक्या वॉर्निशचा वास, भिंतीवर तारेची रिळं. मी सहावी-सातवीत असताना बाबांबरोबर गेले होते. चाचांनी मोटर उघडली, आतलं वाइंडिंग पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "एक फेज गया था."

बाबा म्हणाले, "हाव."

मला कळेना यांना कसं कळलं. मी विचारलं. चाचांनी मला जवळ बोलावून दाखवलं. वाइंडिंगचे गुच्छ गोल मांडलेले असतात. त्यातले काही कोळशासारखे काळे झाले होते आणि त्यांच्या अधेमधे काही अगदी तांबूस, नवेच्या नवे. "ये दो फेज काले, ये एक गोरा. सब काला होता तो लोड से जला बोलता मैं." एवढं बोलून त्यांनी छिन्नी घेतली आणि जळकी तार तोडायला सुरुवात केली. मी बराच वेळ त्या गोऱ्या तारेकडे बघत बसले. जिच्यातून वीज गेलीच नाही ती वाचली, हे तेव्हाही समजलं. पण मग बाकीच्या दोन का जळाव्यात? एकाचं काम बंद पडलं तर मोटरनं गप बंद पडावं ना.

हा प्रश्न मी विसरले. मध्ये दहावी आली.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. विद्युतधारा, विभवांतर, रोध. हे शब्द मला आजही आवडतात, विभवांतर तर फारच. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी सर 'पोटेन्शियल डिफरन्स' म्हणाले की मी मनात आधी विभवांतर शोधायचे, आणि ते सापडेपर्यंत सर दोन ओळी पुढे गेलेले असायचे. मला गणित येत होतं, फिजिक्स येत होतं, मी फक्त दोन ओळी मागे होते. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. २०२१ पासून एआयसीटीईनं मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा पुष्कळ जण हसले. मी नाही हसले. पुढं नोकरीत इंग्रजी लागतंच, ते मान्य. पण पहिल्या वर्षी एखाद्यानं मला नुसतं सांगितलं असतं ना, की बाई, तू मागे नाहीस, तुझा अनुवाद चालू आहे, तरी पुरलं असतं.

आमच्या ब्रँचचं नावच एक कोडं होतं. अमरावती विद्यापीठात तेव्हा या ब्रँचला म्हणायचे इलेक्ट्रिकल, कंसात इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर. आम्ही ईपी म्हणायचो. आत्यानं विचारलं, "म्हणजे तू टीव्ही दुरुस्त करशीन का खांबावर चढशीन?" मला सांगता येईना. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे मोबाईलमधलं बारीकसारीक आणि पॉवर म्हणजे डोंगरावरचे टॉवर, हे दोन एका कंसात का, हे मलाच कळलं नव्हतं.

ते कळलं चंद्रपूरमुळे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र आमच्या वेळी २,३४० मेगावॅटचं होतं. तिथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक लाईन जाते, ५०० किलोव्होल्टची, आणि ती एसी नाही, डीसी आहे. १९९९ पासून चालू आहे, १,५०० मेगावॅट नेते. चंद्रपुरात एसीचं डीसी करायचं, पडघ्यात डीसीचं परत एसी. हे करतं कोण? थायरिस्टर. हाताच्या पंजात मावेल एवढी सिलिकॉनची चकती. अशा पुष्कळ चकत्या एकावर एक रचून त्यांच्यातून अख्ख्या शहराची वीज काढायची. मोबाईलमधलंच सिलिकॉन, पण अंगानं पैलवान. तेव्हा कंस समजला. लांब पल्ल्याला डीसी का परवडतं, त्यात काय काय वाचतं, हे सरांनी आठवडाभर शिकवलं आणि मला ते खूपच भारी वाटलं होतं.

माझ्या शेजारी वरोऱ्याची एक मुलगी बसायची. ती हळूच म्हणाली, "कोळसा आमचा, धूर आमचा, आन् लाईट पडघ्याले." वर्ग हसला. सरही हसले, पण पुढं म्हणाले की हे वाक्य पेपरात लिहू नकोस, मार्क मिळणार नाहीत, बाकी बरोबर आहे. खरं तर ते पूर्ण बरोबर नाही, ग्रिडमध्ये वीज कुणाची म्हणून वेगळी राहत नाही. पण रात्री दोनला वावरात उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून बघा.

तर, तिसरं वर्ष. इंडक्शन मोटर. सर फळ्यावर तीन फेज काढतात आणि त्यातली एक रेघ पुसतात. "नाऊ व्हॉट हॅपन्स?" आणि मला एकदम जळक्या वॉर्निशचा वास आला. खरंच आला.

सोपं करून सांगते. तिघं मिळून एक दोर ओढताहेत, आळीपाळीनं, एका लयीत. मध्येच एकानं हात सोडला. दोर थांबत नाही, कारण तो आधीच वेगात आहे. बाकीचे दोघं ओढत राहतात, फक्त आता तिघांचं काम दोघांवर. मोटरचंही तसंच. चालू असताना एक फेज गेली तर मोटर थांबत नाही, नुसती गुरगुरते. विहिरीत असली तर तेही ऐकू येत नाही. उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण १.७३ पट होतो. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, आणि १.७३ चा वर्ग म्हणजे ३. तिप्पट तापणार. दोन काळे, एक गोरा. हे स्टार जोडणीत. डेल्टा असेल तर उलट, एक काळा आणि दोन वाचतात.

आणि मोटर बंद असताना फेज गेलेली असेल तर आणखी वाईट. ती सुरूच होत नाही, जागच्या जागी हुंकारते आणि काही मिनिटांत जळते. आता आठवा, आमच्याकडे प्रत्येक पंपाला ऑटो स्विच. लाईन आली की मोटर आपोआप सुरू, म्हणजे रात्री उठायला नको. रात्री लाईन येणार, ती कधीकधी दोनच फेजची येणार, कारण डीपीवरचा एक फ्यूज उडालेला. ऑटो स्विच आपलं काम करणार. सकाळी बंडी, आणि चाचा.

त्या दिवाळीला मी घरी गेले ती वही घेऊनच. चाचांच्या दुकानात जाऊन त्यांना ते १.७३ दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, दोनदा बघितलं. मग म्हणाले, "अच्छा है बेटा. जली क्यों, ये तेरेको समझ गया. अब ये बता, हर साल क्यों जलती है?"

मी वावरात गेले आणि स्टार्टर उघडला.

ज्यांनी स्टार्टर पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लोखंडी पेटी, हिरवं बटण, लाल बटण. आत एक ओव्हरलोड रिले असतो. मोटरनं ठरल्यापेक्षा जास्त करंट घेतला की तो पडतो, म्हणजे मोटर बंद करतो. ५ एचपीला साधारण साडेसात अँपियर. शिवाय सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाची एक डबी मिळते, एक फेज गेली की मोटर थांबवते. आमच्या स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटरच्या जागी नुसती भोकं होती. रिले होता, पण त्याच्या दोन टोकांवर बाबांनी तांब्याची तार पिळून ठेवली होती. याला म्हणतात डायरेक्ट करणे. किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी तीन पदरी तार. म्हणजे मोटरला वाचवणारं जे जे होतं ते ते बाबांनी शांतपणे काढून टाकलं होतं.

मी बाबांना खूप बोलले. शिकलेली लेक जसं बोलते तसं. ते ऐकत राहिले, मध्ये एकदा नुसतं म्हणाले, "थो रिले पडते व माय." मी म्हटलं, पडू दे ना, पडायलाच असतो तो. डिसेंबरच्या सुट्टीत मी नवा रिले लावला, साडेसातला सेट केला, किटकॅटमध्ये नीट फ्यूज वायर टाकली, प्रिव्हेंटर बसवला. स्वतःच्या हातानं. फोटोही काढला होता.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. दहाला लाईन आली. बाबा पाणी लावून घरी आले, अकराला मोटर बंद. गव्हाच्या पाटातलं पाणी थांबलं की आमच्या बाजूच्या वावरातले काका फोन करायचे. बाबा परत गेले, तीन किलोमीटर. रिले पडलेला. उचलला, मोटर सुरू केली, आले. एकला पुन्हा फोन. ते गेले आणि या वेळी आलेच नाहीत.

मी पहाटे वावरात गेले. बाबा स्टार्टरच्या पेटीजवळ पोतं अंगावर घेऊन बसल्या बसल्या झोपले होते. पाटात पाणी चाललं होतं. पेटीचं दार उघडं, आणि माझ्या नव्या रिलेवर तांब्याची तार.

मला पाहून ते उठले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुह्या रिलेनं गहू भिजन काय?"

मला त्यावर उत्तर नव्हतं. आणि भीती मोटरची नव्हती. ओला हात, उघडी पेटी, अंधार, आणि अर्थिंग म्हणून पाइपाला गुंडाळलेली एक गंजकी तार. त्या पेटीत माझ्या बाबांचा हात रात्रीतून तीनदा गेला होता, आणि तो मी लावलेल्या रिलेमुळे गेला होता. डायरेक्ट असतं तर ते घरी झोपले असते.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट मध्येच सांगते, तिचा संबंध आहे. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची लाईन पडली आणि काही सेकंदांत सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा, या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोक. आपला पश्चिम विभाग वाचला, म्हणून आपल्याला त्याची तेवढी आठवण नाही. चौकशीचा अहवाल ऑगस्टमध्ये आला, सरांनी आम्हाला त्यातला एक भाग वाचायला लावला. ती लाईन तुटली नव्हती. तिच्यावर झाड पडलं नव्हतं. लाईनवर भार खूप वाढला होता, व्होल्टेज खाली गेलं होतं, करंट वर गेला होता, आणि तिथल्या रिलेला ते लांबवर कुठंतरी शॉर्ट झाल्यासारखं दिसलं. त्यानं शिकवल्याप्रमाणे लाईन तोडली.

ऑगस्टमध्ये मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. डिसेंबरात त्या पेटीसमोर उभी होते तेव्हा कळलं की हे तेच आहे. व्होल्टेज खाली, करंट वर, रिले पडला, पुढचं सगळं बंद. रिले चूक नाही. पण पाणी बंद.

सुट्टी संपायच्या आत मी चाचांकडून मल्टिमीटर मागून आणला आणि रात्री अकराला, बाबांना बरोबर घेऊन, व्होल्टेज मोजलं. ४१५ पाहिजे. ३१० होतं. ३१० व्होल्टला मोटरचा जोर जवळजवळ अर्ध्यावर येतो, आणि तेवढंच पाणी उचलायला ती नऊ-दहा अँपियर घेते. साडेसातला सेट केलेला रिले पडणार नाही तर काय करणार?

कॉलेजात परत गेल्यावर आकडे सरांना दाखवले. मला वाटलं शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "पंपापाशी काय शोधतेस? डीपीपर्यंत चालत जा." आणि तोच माझा मिनी प्रोजेक्ट झाला.

चालत गेले. दोन रविवार. डीपीपासून आमच्या विहिरीपर्यंत पावलं मोजली, तारेची जाडी विचारली, वाटेतले पंप मोजले. डीपी ६३ केव्हीएची. म्हणजे ८४ अँपियर. तिच्यावर कागदावर १२ पंप, वावरात १९. एकोणीस गुणिले साडेसात, तुम्हीच करा. आणि आमचा पंप नऊशे मीटर लांब, शेपटाला. वाटेतल्या प्रत्येक पंपानं थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं की शेवटी उरतं ते ३१०. माझं गणित ३१८ आलं होतं. त्या ३१८ चा जो आनंद झाला तो मला नंतर पहिल्या पगाराचाही झाला नाही.

उरलेले सात पंप कुणाचे हे मला माहीत होतं. त्यातला एक आमच्या काकांचा, तेच, रात्री फोन करणारे. रिपोर्टमध्ये मी नुसता आकडा लिहिला.

उपाय पुस्तकात आहेत. मोठ्या डीपीऐवजी ११ केव्हीची लाईन वावरापर्यंत न्यायची आणि दोन-तीन पंपांना एक छोटी डीपी द्यायची. अर्ज दिला. अर्जाचं काय झालं ते सांगत बसत नाही. दुसरा उपाय, पंप पाळीनं चालवायचे, एका वेळी दहाच. लोकांना पटलं, एका ओसरीवर बैठकही झाली, आणि मी फळ्यावर काढावं तसं जमिनीवर काडीनं आकृती काढून दाखवली. पाळी तीन आठवडे टिकली. मग पाऊस लांबला, प्रत्येकाला आपलं वावर दिसायला लागलं आणि संपलं. मी तेव्हा लोकांवर चिडले होते. आता नाही चिडत. हरभरा फुलावर असताना कुणी पाळी पाळत नाही, मीही पाळली नसती.

जमलं ते एवढंच: चाचांनी पाच-सहा पंपांना कपॅसिटर बसवून दिले. मोटर दोन प्रकारचा करंट मागते, एक कामाचा आणि एक नुसतं चुंबक तयार करायला. हा दुसरा कपॅसिटर जागेवरच पुरवतो, म्हणजे तो लांबून तारेतून ओढून आणावा लागत नाही. लाईनवरचं ओझं कमी होतं. आमच्याकडे ३१० चे ३२५ झाले. पंधरा व्होल्ट! यातला गोंधळ असा की आमच्याकडे लोकांना कंडेन्सर वेगळ्याच कामासाठी माहीत होता. त्या काळी गावात दिवे लागावेत पण पंप चालू नयेत म्हणून सिंगल फेज सोडायचे, आणि लोक कंडेन्सर लावून त्यावर तीन फेजची मोटर चालवायचे. त्यामुळे मी कपॅसिटर म्हटलं की काका डोळा मारायचे. त्यांना समजावून मी दमले.

आणि अर्थिंग. ते मी कुणाला न विचारता केलं. खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, पेटीपर्यंत नीट जाड तार. फार तर अर्ध्या दिवसाचं काम. तुमच्या वावरात स्टार्टरची लोखंडी पेटी असेल तर या सुट्टीत तेवढं बघा. माहितीतल्या वायरमनला बरोबर घ्या, आणि डीपीवरून लाईन बंद केल्याशिवाय पेटीत हात घालू नका.

डायरेक्टचं काय झालं? बाबांची आणि माझी तडजोड झाली. रिले नऊवर. मोटर थोडी लवकर म्हातारी होणार, पण रिले उठसूट पडणार नाही. प्रिव्हेंटर मात्र काढायचा नाही. हे कुठल्याच पुस्तकात बरोबर नाही. व्हायवात एका बाहेरच्या सरांनी मला विचारलं, नऊ का? मी कारण सांगितलं. त्यांनी मार्क कापले. कापायलाच पाहिजे होते.

कॅम्पसला आल्या त्या सॉफ्टवेअरच्याच कंपन्या, आणि आमच्या वर्गातले बरेच जण त्यात गेले, आज हिंजवडीत आहेत, मजेत आहेत. मला तिथं नाकारलं, ते खरं तर बरं झालं असं म्हणायला आत्ता सोपं आहे, तेव्हा रडले होते. मग सबस्टेशन टेस्टिंगच्या एका ठेकेदाराकडे लागले. आठ हजारांवर, सांगून टाकते. पहिल्या साइटवर बाईसाठी बाथरूम नव्हतं. आज दहा वर्षं झाली, माझं काम एकच: रिले सेट करणं आणि तो वेळेवर पडतो का ते तपासणं. १३२ केव्ही, २२० केव्ही. किट लावायचं, खोटा फॉल्ट दाखवायचा आणि मिलिसेकंद मोजायचे. कुठला भार खरा धोका आणि कुठला नुसता कठीण दिवस, हे त्या डबीला आधीच सांगून ठेवायचं. दर वेळी सेटिंगचा आकडा टाकताना माझ्या डोळ्यांसमोर पोतं पांघरलेले बाबा येतात. साइटवरच्या पोरांना हे माहीत नाही, त्यांना वाटतं मॅडम हळू काम करतात.

म्हणून फोन करणाऱ्या मामेभावाला माझं म्हणणं असं. गणिताची भीती वाटत असेल तर ती जाते, माझे दोन विषय राहिले होते. भाषेची वाटत असेल तर तीही जाते, पण वेळ लागतो, तेवढा वेळ स्वतःला द्या. पहिल्या नोकरीचा पगार कमी असू शकतो, घरी कर्ज असेल तर याचा आधी विचार करा, लाजू नका. पण 'भेटते' म्हणून घेत असशील तर प्रवेशाआधी एकदा वावरात जा, पेटीचं दार कुणाकडून तरी उघडून घे आणि आत नुसतं बघ. काहीच विचारावंसं वाटलं नाही, तर मात्र दुसरी ब्रँच बघ.

बाबांचं सांगून थांबते. त्यांनी सौर पंपासाठी अर्ज केला होता. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही २०२४ ची योजना. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५. आमचा पंप लागला. आता ओलित दिवसा. आई दाराशी झोपत नाही. पॅनेलमधून डीसी येतं, कंट्रोलर त्याचं एसी करतो, मोटर चालते. म्हणजे चंद्रपूर-पडघ्याचं पडघ्याकडचं टोक आमच्या विहिरीवर आलं म्हणा, लहान होऊन. आत्याला मी हे सांगितलं, तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर चौदा वर्षांनी मिळालं.

एप्रिलमध्ये बाबांचा भरदुपारी व्हिडिओ कॉल आला. मी साइटवर होते. "हे पाह्य, काही तरी लाल लाल लिहून येऊन राह्यलं. मोटर बंद. ऊन एवढं पडलं आन् मोटर बंद!" मी म्हटलं, कॅमेरा जवळ न्या. कंट्रोलरवर ड्राय रन लिहिलेलं. म्हटलं, बाबा, विहिरीत बघा बरं. फोन हातात घेऊनच ते विहिरीवर गेले. मला आधी त्यांची चप्पल दिसली, मग कठडा, मग खाली लांबवर ओल्या दगडांवर एक हातभर पाणी.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "खरं बोलून राह्यला तुहा डबा." आणि जरा थांबून, आवाज खाली करून, "पण हे डायरेक्ट कसं करा लागते?"